नोकरीतले हक्क आणि कायद्याची मदत: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

मी कामगार न्यायालयात वकिली करते. मला येणारे बहुतेक मेसेज रात्री अकरानंतरचे असतात, कारण नोकरी गेल्याचं घरी अजून सांगितलेलं नसतं. त्या मेसेजमध्ये जे प्रश्न सतत येतात तेच इथे घेतले आहेत. ही माहिती महाराष्ट्रातल्या खासगी नोकऱ्यांपुरती आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांची वाट वेगळी आहे, ती महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाते.

१. नवीन कामगार संहिता आल्या. म्हणजे जुने हक्क गेले का?

नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षितता या चार संहिता लागू झाल्या. किमान वेतन, बोनस, ग्रॅच्युइटी, प्रसूती लाभ, औद्योगिक विवाद असे केंद्राचे बरेच जुने कायदे त्यांत सामावले गेले. हक्क बहुतांशी तेच राहिले. कलमांचे क्रमांक, मुदती आणि काही आकडे मात्र बदलले. घटना या तारखेआधीची असेल तर तुमच्या प्रकरणाला जुना कायदा लागू होऊ शकतो. म्हणून वकिलाला भेटल्यावर आधी तारीख सांगा, बाकीचं त्यानंतर.

२. माझा पगार १८ हजारांहून जास्त आहे. मी ‘कामगार’ नाही असं एचआर म्हणते. खरं आहे का?

हा गैरसमज मला सगळ्यात जास्त छळतो, कारण त्यापायी माणसं तक्रारच करत नाहीत. १८,००० रुपयांची मर्यादा फक्त देखरेखीचं काम करणाऱ्यांना, म्हणजे सुपरवायझरला आहे. हाताचं, तांत्रिक, कारकुनी किंवा कौशल्याचं काम करणाऱ्याला पगाराची मर्यादाच नाही. महिना ६० हजार मिळवणारा वेल्डरही कामगारच. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे मात्र या व्याख्येबाहेर आहेत.

व्हिजिटिंग कार्डावर ‘मॅनेजर’ छापल्याने कुणी मॅनेजर होत नाही. न्यायालय पाहतं ते प्रत्यक्ष काम. तुमच्या हाताखाली माणसं आहेत का, त्यांची रजा तुम्ही मंजूर करता का, कुणाला नेमायचा किंवा काढायचा अधिकार तुम्हाला आहे का? या तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर पदनामाला फार घाबरू नका. खरोखरच मॅनेजर असाल तर प्रश्न १५ पाहा.

एक महत्त्वाचा अपवाद शिक्षकांचा. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार शिक्षक ‘कामगार’ ठरत नाहीत. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांतल्या शिक्षकांसाठी १९७७ चा स्वतंत्र कायदा आणि शाळा न्यायाधिकरण आहे. तिथे अपिलाची मुदत फक्त ३० दिवसांची आहे. इतर प्रश्नांतल्या लांब मुदती वाचून शिक्षकांनी निवांत राहू नये.

३. नियुक्तीपत्र नाही, पगार रोख मिळतो. मी तिथे काम करत होतो हे सिद्ध कसं करू?

नियुक्तीपत्र देणं आता मालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि पगारपत्रक देणंही. त्याने ते दिलं नाही म्हणून तुमचा हक्क बुडत नाही. गेटपास, ओळखपत्र, हजेरीचा फोटो, कामाच्या ग्रुपवरचे आदेश, मालाच्या चलनावरची तुमची सही, ईएसआयसीचं (कर्मचारी राज्य विम्याचं) कार्ड, बँकेत कधीतरी जमा झालेली एखादी रक्कम, शेजारच्या मशीनवरच्या सहकाऱ्याची साक्ष, यातलं जे मिळेल ते गोळा करा. नोकरीत असतानाच गोळा करा. काढल्यावर गेटच्या आत पाऊल टाकता येत नाही आणि ग्रुपमधूनही पहिल्या तासातच बाहेर काढतात.

४. दोन महिन्यांचा पगार थकला आहे. काय करू?

मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळायला हवा. नोकरी सुटली, मग ती राजीनाम्याने सुटो की काढून टाकल्याने, तर पगाराची बाकी दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावी लागते. ‘फुल अँड फायनल ४५ दिवसांनी होईल’ ही कंपनीची पद्धत झाली. वेतन संहिता तसं म्हणत नाही.

आधी मालकाला लेखी मागणी करा. कोणत्या महिन्याचे किती रुपये बाकी आहेत, एवढं पुरे. उत्तर आलं नाही तर वेतन संहितेखालच्या प्राधिकाऱ्याकडे दावा करा. चौकशी कामगार आयुक्त कार्यालयात होते. मुदत तीन वर्षांची आहे, आणि थकबाकीशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. पगार दिला हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. ‘मला मिळाला नाही’ हे तुम्हाला सिद्ध करावं लागत नाही. हा हक्क मॅनेजरलाही आहे, कारण वेतन संहितेतली ‘कर्मचारी’ ही व्याख्या प्रश्न २ मधल्या ‘कामगार’पेक्षा मोठी आहे.

५. केबिनमध्ये बोलावून माझ्याकडून राजीनामा लिहून घेतला. आता काही होऊ शकतं का?

होऊ शकतं, पण इथे तास मोजावे लागतात. दबावाखाली घेतलेला राजीनामा म्हणजे प्रत्यक्षात काढून टाकणंच, हे न्यायालयं मान्य करतात. मात्र दबाव होता हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो. दोन वर्षांनी तोंडी सांगितलेल्या दबावापेक्षा त्याच संध्याकाळी पाठवलेल्या चार ओळींच्या मेलला किती तरी जास्त वजन असतं.

त्या मेलमध्ये लिहा: आज अमुक वाजता, अमुक जणांच्या उपस्थितीत, राजीनामा दिला नाही तर काढून टाकू असं सांगून माझ्याकडून राजीनामा घेतला. तो मी स्वेच्छेने दिलेला नाही. मी तो मागे घेत आहे आणि उद्या कामावर हजर होत आहे. मेल स्वतःच्या खासगी पत्त्यावरून पाठवा, कारण कंपनीचा पत्ता रात्रीत बंद होतो. दुसऱ्या दिवशी खरोखर गेटवर जा. आत घेतलं नाही तर गेटवरून फोटो काढा आणि तसा आणखी एक मेल पाठवा.

अजून केबिनमध्येच असाल तर सही करू नका. ‘घरी विचारून उद्या सांगते’ एवढं म्हणून उठा. सही करायला बसवून ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. ‘राजीनामा दिला नाहीस तर पुढे कुठेच नोकरी मिळणार नाही’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येकाला ऐकवतात. तेही शब्दशः लिहून ठेवा.

६. एका मेलवर कामावरून काढलं. असं करता येतं का?

कारण गैरवर्तनाचं असेल तर आधी आरोपपत्र, मग खुलाशाची संधी, मग चौकशी आणि शेवटी शिक्षा हा क्रम पाळावा लागतो. चौकशीत साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याचा हक्क तुम्हाला असतो. चौकशी न करता कामगाराला काढलं तर तो आदेश टिकणं कठीण असतं. मालकाला न्यायालयात नव्याने पुरावा देण्याची संधी मात्र मिळू शकते. कारण ‘काम कमी झालं’ असं असेल तर प्रश्न ८ पाहा.

७. मी प्रोबेशनवर होतो. मग काहीच हक्क नाहीत का?

काम समाधानकारक नाही म्हणून, कोणताही डाग न लावता प्रोबेशन संपवलं तर चौकशी लागत नाही आणि दाद मिळणं अवघड असतं. पण पत्रात चोरी, अफरातफर, उद्धटपणा असा आरोप असेल तर ती शिक्षा ठरते, आणि चौकशीशिवाय शिक्षा देता येत नाही. म्हणून सेवासमाप्तीचं पत्र शब्द न् शब्द वाचा. थकलेल्या पगाराचा हक्क प्रोबेशनवरच्या माणसालाही पूर्ण आहे.

८. कंपनी ‘कॉस्ट कटिंग’ म्हणते. कपातीत मला काय मिळायला हवं?

कामगार असाल आणि एक वर्ष सलग सेवा झाली असेल तर एक महिन्याची सकारण लेखी नोटीस किंवा तिच्या बदल्यात पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांच्या सरासरी वेतनाएवढी भरपाई. ‘सलग सेवा’ म्हणजे साधारणपणे बारा महिन्यांत २४० दिवस काम. मधल्या साप्ताहिक सुट्या, पगारी रजा आणि आजारपण यामुळे सेवा खंडित होत नाही. नव्या संहितेत आणखी एक गोष्ट आली आहे: पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांच्या शेवटच्या वेतनाएवढी रक्कम कपातीनंतर ४५ दिवसांच्या आत तुमच्या खात्यावर जमा व्हायला हवी.

त्या प्रकारच्या कामात जो शेवटी आला तो आधी जातो, हा सर्वसाधारण नियम आहे. तुम्हाला काढून तुमच्यानंतर आलेल्याला ठेवलं असेल तर मालकाला त्याची कारणं द्यावी लागतात. ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कपातीआधी सरकारची परवानगी लागते.

९. निलंबित केलं आहे आणि पगार बंद आहे. हे बरोबर आहे का?

३०० किंवा अधिक कामगार असलेल्या औद्योगिक आस्थापनेत चौकशी चालू असताना निर्वाह भत्ता द्यावाच लागतो. पहिले ९० दिवस वेतनाच्या ५० टक्के, आणि त्यानंतर उशीर तुमच्यामुळे झाला नसेल तर ७५ टक्के. लहान ठिकाणी नियुक्तीपत्र आणि कंपनीचे सेवानियम काय म्हणतात ते पाहावं लागतं. निलंबनात नोकरी चालूच असते, त्यामुळे चौकशीच्या तारखा चुकवू नका.

१०. ‘माझा काहीही दावा उरला नाही’ अशा कागदावर सही केल्याशिवाय हिशोब देत नाहीत. सही करू का?

पैशांची गरज असते आणि मालकाला ते ठाऊक असतं. वेतन संहितेत स्पष्ट लिहिलं आहे की देय रकमेवरचा किंवा बोनसचा हक्क सोडून देणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल असतो. तरी सहीखाली ‘रक्कम हक्क राखून स्वीकारली’ असं लिहिता आलं तर लिहा. लिहू दिलं नाही तर रक्कम घ्या आणि त्याच दिवशी तसा मेल पाठवा. कोऱ्या कागदावर किंवा मागची तारीख टाकून सही मात्र कधीच करू नका.

११. ग्रॅच्युइटी पाच वर्षांनंतरच मिळते का?

कायम नोकरीत पाच वर्षं. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर आता एक वर्षाच्या सेवेनंतरही प्रमाणात मिळते. मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास पाच वर्षांची अट नाही. ‘चार वर्षं २४० दिवस पुरतात का’ हे बरेच जण विचारतात. मद्रास उच्च न्यायालयाने तसं मान्य केलं आहे. सगळीकडे ते मानतात असं नाही, पण दावा जरूर करावा.

हिशोब असा: महिन्याचं वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. वेतन २६,००० आणि सेवा ६ वर्षं ७ महिने असेल तर सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरून ७ वर्षं होतात, आणि रक्कम १,०५,००० रुपये. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त दाखवले असतील तर वरचा भाग आता वेतनातच धरला जातो. मूळ पगार मुद्दाम बारीक ठेवणाऱ्या कंपन्यांतल्या लोकांनी हा हिशोब नव्याने मांडून पाहावा. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून ३० दिवसांत मिळायला हवी, उशीर झाला तर व्याजासह.

१२. पगारातून पीएफ कापला पण भरलाच नाही. पोलिसांत जाऊ का?

आधी यूएएन (तुमच्या पीएफचा कायमचा क्रमांक) पासबुकात किती महिने रिकामे आहेत ते पाहा. मग ते महिने आणि त्यांची पगारपत्रकं जोडून भविष्य निर्वाह निधी कार्यालयाच्या ऑनलाइन तक्रार व्यवस्थेत तक्रार करा. मालकाकडून वसुली करण्याचे अधिकार त्या कार्यालयाला आहेत. पगार थकला तर पोलीस सहसा काही करत नाहीत. पण कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेला पीएफ न भरणं हा फौजदारी विश्वासघात ठरतो, त्यामुळे इथे पोलीस तक्रारीला आधार आहे. जुनी कंपनी नोकरी सोडल्याची तारीख भरत नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी पोर्टलवर ती तुम्हालाच भरता येते.

१३. बॉण्ड आहे, नोटीस तीन महिन्यांची आहे, आणि स्पर्धक कंपनीत जायला बंदी आहे. मी अडकलोय का?

हे तीन वेगळे प्रश्न आहेत. नोकरी सोडल्यानंतर स्पर्धकाकडे काम करू नये ही अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ नुसार टिकत नाही. जुन्या कंपनीची गुपितं मात्र सोबत नेता येत नाहीत. नोटीस पूर्ण करायला कोणतंही न्यायालय तुम्हाला जबरदस्तीने खुर्चीत बसवत नाही, फार तर उरलेल्या दिवसांचे पैसे मागितले जातील. बॉण्डचं तसं नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेची तीन वर्षं सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. प्रशिक्षणाचा किंवा भरतीचा खरा खर्च झाला आहे का आणि रक्कम वाजवी आहे का, यावर बरंच अवलंबून असतं.

१४. ऑफिसात वरिष्ठ त्रास देतात, अंगलट येतात. एचआर म्हणते पुरावा आणा.

लैंगिक छळाची तक्रार एचआरकडे नाही, अंतर्गत समितीकडे करायची असते. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर २०१३ च्या कायद्याने ती समिती सक्तीची आहे. तुमचं कार्यालय त्याहून लहान असेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरूनही तक्रार करता येते.

शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करा. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. ती चालू असताना तुमची किंवा त्याची बदली, किंवा तुमच्यासाठी तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, आणि कायद्याने तसं स्पष्ट म्हटलं आहे. तुमची साक्ष हाही पुरावाच आहे. पहिल्या दिवशी कुणाला फोन केला होता, कुणाला मेसेज केला होता, ते आठवून लिहा. त्या व्यक्तीची साक्ष फार उपयोगी पडते.

१५. मी खरोखर मॅनेजर आहे. माझ्यासाठी काय?

पुन्हा कामावर घेण्याचा आदेश मिळणं जवळजवळ अशक्य असतं. करारातल्या नोटिशीचे पैसे आणि नुकसानभरपाई यांसाठी दिवाणी दावा, साधारणपणे तीन वर्षांत. मात्र पगार, ग्रॅच्युइटी, पीएफ आणि लैंगिक छळाविरुद्धचं संरक्षण तुम्हालाही आहे (प्रश्न ४, ११, १२, १४).

१६. मी कंत्राटदाराचा माणूस आहे. कंत्राटदार पळाला. पगार कोण देणार?

ज्या कंपनीत तुम्ही काम करता ती मूळ मालक. कंत्राटदाराने पगार दिला नाही तर तिच्यावर जबाबदारी येते, आणि ती रक्कम ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करू शकते. दावा करताना दोघांचीही नावं घाला. फक्त कंत्राटदाराचं नाव घातलेले दावे मी पाहिले आहेत. आदेश मिळतो आणि वसूल करायला समोर कुणी नसतं.

१७. गरोदर असल्याचं सांगितलं आणि कामगिरी खराब असल्याचे मेल सुरू झाले.

आधीचे चांगले मेल, बोनसची पत्रं, गेल्या वर्षीचं मूल्यमापन आत्ताच स्वतःकडे काढून ठेवा. ग्राहकांची माहिती किंवा कंपनीचे गोपनीय कागद मात्र त्यात येऊ देऊ नका. गरोदर असल्याची लेखी माहिती देऊन पोच घ्या. प्रसूतीआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. दोन अपत्यं आधीच असतील तर १२ आठवड्यांची. प्रसूती रजेवर असताना काढून टाकणं बेकायदेशीर आहे.

१८. फोनवरचं रेकॉर्डिंग चालतं का?

तुम्ही स्वतः ज्या संभाषणात होता त्याचं रेकॉर्डिंग वापरलं जातं. मूळ फोन जपून ठेवा, विकू नका, फॉरमॅट करू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते वकील तयार करून देतात.

१९. तक्रारीला किती दिवस असतात?

नोकरीवरून काढल्याचा वाद समेट अधिकाऱ्याकडे (कामगार आयुक्त कार्यालयात तडजोड घडवणारा अधिकारी, प्रश्न २० पाहा) दोन वर्षांत न्यावा लागतो. जुन्या कायद्यात ही मुदत तीन वर्षांची होती, आणि अजूनही लोक तीनच धरून बसतात. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणच्या तक्रार निवारण समितीकडे एका वर्षात. अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात मुदत अवघी ९० दिवसांची आहे. त्यामुळे माझा आग्रह एकच: कोणतंही प्रकरण असो, पहिल्या ९० दिवसांत वकिलाला किंवा संघटनेला भेटा. पगार आणि लैंगिक छळाच्या मुदती प्रश्न ४ आणि १४ मध्ये आहेत, शिक्षकांची प्रश्न २ मध्ये.

२०. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात नेमकं काय होतं?

अर्ज दोन प्रतींत न्या आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. समेट अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतात. ते निकाल देत नाहीत, तडजोड घडवायचा प्रयत्न करतात. तडजोड झाली नाही तर त्यांचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. समेटाचा टप्पा साधारण ४५ दिवसांत संपायला हवा. मालकाचा माणूस दोन तारखांना आलाच नाही तरी खचू नका. तुमची हजेरी मात्र प्रत्येक वेळी नोंदवा.

समेटाच्या टप्प्यावर वकील उभा राहू शकत नाही, पण कामगार संघटनेचा पदाधिकारी राहू शकतो. पुढे न्यायाधिकरणातही समोरच्याची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी असेल तरच वकील येतो. हा नियम कामगाराच्या बाजूचा आहे. कंपनीच्या मोठ्या वकिलाला संमती द्यायची की नाही, ते आधी कुणाशी तरी बोलून ठरवा.

२१. वकिलाची फी परवडत नाही.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये औद्योगिक कामगाराचा स्पष्ट उल्लेख आहे. औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं, तालुक्यालाही समिती असते. हेल्पलाइन १५१००. मोफत मिळालेल्या वकिलाला एक रुपयाही द्यायचा नसतो. मागितला तर प्राधिकरणाकडे तक्रार करा.

२२. वकील म्हणतात, जिंकलो तर २० टक्के द्या. हे चालतं का?

नाही. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे. फी टप्प्यांनुसार लेखी ठरवा आणि पावती घ्या. मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या. वकीलपत्र वाचून सही करा. वकील बदलायचा असेल तर तो तुमचा हक्क आहे. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करता येते.

२३. केस चालू असताना दुसरी नोकरी धरली तर केस संपते का?

संपत नाही. घर चालवायचंच आहे, नोकरी धरा. मधल्या काळाच्या पगाराच्या रकमेवर मात्र परिणाम होऊ शकतो. महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बेकायदा काढलं असेल तर मागचा पगार मिळणं हा सर्वसाधारण नियम आहे, पण मधल्या काळात तेवढ्या कमाईचं काम नव्हतं हे कर्मचाऱ्याने आधी सांगायला हवं. तेव्हा कमावत असाल तर लपवू नका. कंपनीचे वकील पीएफ खात्याच्या नोंदी मागवतात, आणि एक खोटं उघडं पडलं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते.

२४. अजून नोकरीत आहे. तक्रार केली तर काढतील का?

भीती खरी आहे, तिला मी फुकाची म्हणणार नाही. पण समेटाची कार्यवाही चालू असताना त्या वादाशी संबंधित गैरवर्तनाचं कारण दाखवून तक्रारदाराला परवानगीशिवाय काढता येत नाही, आणि त्याच्या सेवाशर्तीही बदलता येत नाहीत. वादाशी संबंध नसलेल्या गैरवर्तनासाठी काढलं तर एका महिन्याचा पगार देऊन मंजुरीसाठी अर्ज करावा लागतो. म्हणून नोंदलेली तक्रार पुष्कळदा ढालीचं काम करते, तोंडी केलेली करत नाही. एकट्याने करण्याऐवजी चौघांनी सह्या करून दिलेली तक्रार आणखी भक्कम. ती स्पीड पोस्टने पाठवा, पावती वहीत चिकटवा, आणि वही ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नाही, घरी ठेवा.